विषय: रेडिंगचं घर, एजंटला द्यावं की आपणच सांभाळावं?

रेडिंगकर:

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये आम्ही पुण्याला परत जातोय. बाबांची तब्येत बघता दोन वर्षं तरी तिकडे राहावं लागेल, पुढचं पुढे. इंग्लंडमधलं रेडिंगचं तीन बेडरूमचं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं हे नक्की. घोडं अडलंय ते सांभाळायचं कोणी यावर.

एजंटने दोन भाव सांगितलेत. भाडेकरू शोधून कागदपत्रं करून देणं एवढंच हवं असेल तर एकदाच, एका महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम. सगळंच त्यांनी बघायचं तर दर महिन्याला भाड्याचे १२ टक्के. भाडं साधारण १,६०० पौंड येईल म्हणतात.

आणखी एक पर्याय डोक्यात आहे. मराठी मंडळातलाच एक मित्र जवळ राहतो. तो म्हणतो, भाडं माझ्या खात्यात येऊ दे, मी तुला पाठवत जाईन, एजंटला कशाला पोसतोस? पुण्यातला आमचा फ्लॅट मेव्हणा असाच बघतो. अकरा महिन्यांचा करार, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, झालं. इथे तसं जमेल का?

हॅरोकर काका:

अरे, १२ टक्के नाहीत ते. त्यावर २० टक्के व्हॅट धर. १,६०० वर १९२, व्हॅटसकट २३० पौंड ४० पेन्स. वर्षाचे झाले २,७६५. एवढ्यात मिळतं काय, तर नळ गळला की प्लंबरला एक फोन. तो प्लंबर त्यांच्या यादीतला, आणि पुष्कळ करारांत दुरुस्तीच्या बिलावर त्यांचं वेगळं कमिशन असतं. सही करण्याआधी ते कलम शोधून वाच.

मी माझी घरं स्वतः बघतो. गॅसची तपासणी वर्षातून एकदा, गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडून. विजेची पाच वर्षांतून एकदा. प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म, बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा. ईपीसी, म्हणजे घर किती ऊर्जा खातं त्याचं प्रमाणपत्र, निदान ‘ई’ दर्जाचं हवं. हे काही रॉकेट उडवणं नाही, कॅलेंडरवर लिहून ठेवायचं.

आणि भाडं बाजारापेक्षा जरा कमी ठेवायचं. माणसं टिकतात. घर महिनाभर रिकामं पडलं की १,६०० तर गेलेच, वर कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, आपल्या खिशातून. एजंटला माणूस टिकण्यात रस नसतो, नवीन माणूस आला की नवीन फी. करार वाढवला तरी कमिशन घ्यायचे. २००९ मध्ये याच कारणावरून फॉक्सटन्स या एजंट कंपनीचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि त्यांची कलमं ग्राहकांना अन्यायकारक ठरली. तुझ्या एजंटच्या कागदात असलं काही लपलंय का बघ.

मिल्टन कीन्सकर वहिनी:

काका, हॅरोत बसून हॅरोचं घर सांभाळणं वेगळं आणि कोथरूडमध्ये बसून रेडिंगचं वेगळं. इथे रात्री दहाला बॉयलर बंद पडला की तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते.

तरी माझा मुद्दा टक्क्यांचा नाही. मी कराची कामं करते आणि दरवर्षी हेच बघते: एजंटला पैसे दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली असं लोक धरून चालतात. डिपॉझिटचं घ्या. पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत १,८४६ पौंड. ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत संरक्षित करून भाडेकरूला त्याची ठरलेली माहिती द्यावी लागते. एजंट विसरला तरी दावा तुमच्यावर येऊ शकतो, आणि दंड डिपॉझिटच्या एक ते तीन पट. मग तुम्ही पुण्यातून एजंटशी भांडत बसा.

लायसन्सचंही तसंच. पाच माणसं, एकाच कुटुंबातली नसलेली, एका घरात स्वयंपाकघर-बाथरूम वाटून घेऊन राहिली तर एचएमओ, म्हणजे अशा वाटून राहण्याच्या घराचं, लायसन्स सक्तीचं. तीन बेडरूममध्ये चार मुलं ठेवली आणि एकाचा मित्र हळूच राहायला आला की झाले पाच. काही कौन्सिल त्याहून लहान घरांनाही लायसन्स मागतात. तुमच्या कौन्सिलचं नीट विचारून घ्या, कारण विनालायसन्स सापडलात तर भाडेकरू वर्षभराचं भाडं परत मागू शकतो. येत्या १ मे २०२६ पासून ती मर्यादा दोन वर्षांची होतेय.

१ मेचं आणखी आहे, आणि महाराष्ट्र दिनामुळे ही तारीख तुमच्या लक्षातही राहील. रेंटर्स राइट्स ॲक्ट हा भाडेकरूंच्या हक्कांचा कायदा लागू झाला की इंग्लंडमध्ये ठरावीक मुदतीचे करार संपले, कारण न देता घर रिकामं करून घ्यायचं सेक्शन २१ संपलं. अकरा महिने, बारा महिने असं काही उरणारच नाही. भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही जाईल. तुम्हाला स्वतः राहायला घर परत हवं असेल तर चार महिन्यांची नोटीस, आणि पहिल्या बारा महिन्यांत तेही नाही. शिवाय त्या कारणाने घर रिकामं करून घेतलंत तर पुढे वर्षभर ते पुन्हा भाड्याने देता येणार नाही. तुम्ही ‘दोन वर्षं, पुढचं पुढे’ लिहिलंय. परतीची विमानाची तिकिटं काढण्याआधी हे चार महिने मोजा, आणि शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं हेही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहणार म्हणजे एचएमआरसी या इथल्या कर खात्याच्या लेखी तुम्ही नॉन-रेसिडेंट लँडलॉर्ड. तुमच्यासाठी भाडं घेणाऱ्याने त्यातून मूळ दराने, म्हणजे २० टक्के, कर कापून दर तिमाहीला भरायचा. मध्ये कुणी नसेल आणि भाडं आठवड्याला १०० पौंडांच्या वर असेल, तर हे काम बिचाऱ्या भाडेकरूच्या गळ्यात. टाळायचं तर एनआरएल१ अर्ज करून कर न कापता भाडं मिळण्याची मंजुरी घ्या, आणि जाण्याआधीच करा. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांचे अर्ज वेगळे. मंजुरी म्हणजे करमाफी नव्हे, सेल्फ असेसमेंट, म्हणजे वर्षाचं कर विवरणपत्र, भरायचंच. त्यात एजंटची फी खर्च म्हणून पूर्ण वजा होते. मॉर्टगेजचं व्याज मात्र होत नाही, त्यावर फक्त २० टक्क्यांची सवलत मिळते. म्हणजे काकांचे ते २,७६५ पौंड ४० टक्क्यांच्या पट्ट्यात असलेल्याला प्रत्यक्षात १,६५९ ला पडतात.

आणि तुमचा मित्र. तो फुकट करत असला तरी भाडं त्याच्या खात्यात आलं की एचएमआरसी त्यालाच लेटिंग एजंट धरते. नोंदणी, हिशोब, वार्षिक रिटर्न, सगळं त्याच्या मागे. गणपतीत एकमेकांना तोंड दाखवायचं असेल तर त्याचं बँक खातं यात आणू नका.

कॉव्हेंट्रीकर:

सर्वांना नमस्कार. आपल्या मेलिंग लिस्टवर भाडेकरूही आहेत म्हणून लिहितो.

मास्टर्सला आलो तेव्हा भाड्याची हमी घेणारा इथला गॅरंटर नाही म्हणून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं होतं. घरच्यांनी कसं जमवलं त्यांनाच माहीत. १ मेपासून एका महिन्याहून जास्त आगाऊ मागता येणार नाही, मागे येणाऱ्या पोरांना तेवढा तरी दिलासा. पण मालक मग गॅरंटरसाठी अडून बसतील अशी भीतीही आहे.

एजंटकडे तक्रार केली की पोर्टलवर तिकीट नंबर मिळतो आणि आठवडाभर शांतता. थेट मालक असला की व्हॉट्सॲपवर उत्तर लगेच येतं. पण काही आपले मालक ‘सहज चक्कर मारली’ म्हणत न सांगता दारात उभे राहतात. पाहणीला यायचं तर २४ तास आधी लेखी कळवायचं असतं, काका. तुम्हाला उद्देशून नाही.

आणखी एक. याच लिस्टवर ‘शाकाहारी मराठी कुटुंबालाच’ अशा जाहिराती येतात. केंटमधल्या एका मोठ्या घरमालकाने करीचा वास राहतो म्हणून भारतीय-पाकिस्तानी भाडेकरू नकोत असं एजंटला कळवलं होतं. २०१७ मध्ये मेडस्टोनच्या कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. जाहिरात लिहिताना उलट बाजूही बघा.

कार्डिफकर:

वरचं सगळं इंग्लंडचं आहे. वेल्समध्ये घर असेल तर मालकाला रेंट स्मार्ट वेल्सकडे नोंदणी करावी लागते, आणि स्वतः सांभाळायचं तर प्रशिक्षण घेऊन लायसन्सही. मी ते ऑनलाइन केलं. अवघड नाही, कंटाळवाणं आहे. स्कॉटलंडचे नियम आणखी निराळे.

हॅरोकर काका:

वहिनी, कराचं मान्य. व्यवस्थापनाचं नाही. जबाबदारी शेवटी मालकाचीच राहणार असेल तर ती दुसऱ्याच्या भरवशावर टाकून वर पैसे का द्यायचे? स्वतः केलं तर निदान झालं की नाही ते कळतं. भाडेकरू शोधायला एजंट ठीक आहे. राइट टू रेंटची, म्हणजे भाडेकरूला इथे भाड्याने राहण्याचा हक्क आहे का याची, तपासणी लेखी करार करून त्यांच्याच अंगावर टाक, तिथे पहिल्यांदाच चूक झाली तरी दंड माणशी १०,००० पौंडांपर्यंत जातो, पुन्हा झाली तर २०,००० पर्यंत. बाकीचं कॅलेंडर पुण्यातूनही चालतं. फक्त किल्ली असलेला माणूस जवळ हवा.

पोरा, चक्कर मारण्याचं वाचलं. चहा त्यांनीच विचारला होता.

रेडिंगकर:

सगळ्यांचे आभार. आम्ही दोघांनी बसून हे ठरवलंय.

भाडेकरू शोधणं, तपासण्या आणि डिपॉझिटची नोंद एजंटकडे, एकरकमी फीवर. ग्राहकांच्या पैशाचं संरक्षण आणि तक्रार निवारण योजनेचं सदस्यत्व, दोन्हींची प्रमाणपत्रं मागितली आहेत. डिपॉझिटची पावती मी स्वतः बघितल्याशिवाय त्यांची फी देणार नाही. एनआरएल१ चे दोन अर्ज या आठवड्यात. भाडं थेट आमच्या खात्यात.

मित्राकडे किल्ली, आणि त्याचा पत्ता. वहिनींना फोन केला तेव्हा हे कळलं: भाडेकरूला आपल्याला नोटिसा पाठवता याव्यात म्हणून मालकाने त्याला इंग्लंड किंवा वेल्समधला पत्ता द्यावाच लागतो, नाहीतर तोवर भाडं देणं लागू होत नाही. पुण्याचा पत्ता चालत नाही. मित्र तयार आहे. खात्याचं सांगितल्यावर उलट सुटलो म्हणाला. बॉयलरसाठी वार्षिक कव्हर घेतोय, म्हणजे रात्रीचा फोन त्यालाही नको आणि मलाही नको.

काका, पहिलं वर्ष हे असं करून बघतो. नाही जमलं तर पूर्ण व्यवस्थापन देऊन टाकेन, २३० पौंड गेले तरी चालतील.

बँकेकडून घर भाड्याने द्यायची परवानगी अजून यायची आहे, ती आल्याशिवाय सही नाही. घरमालकांसाठीचा विमाही बदलायचाय. आणि फोटोसकट इन्व्हेंटरी करून देणारं कुणी रेडिंग-स्लाऊ भागात माहीत असेल तर मला वेगळं लिहा. लिस्टवर नको, मॉडरेटरताई आधीच दोनदा रागावल्यात.