मदत हवी आहे: उद्यानविद्या होत आली, आता धंदा शिकायला कुठे जाऊ? (कलमांची रोपवाटिका, राजापूर)

नमस्कार मंडळी,

मी बी.एस्सी. उद्यानविद्येच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव राजापूर तालुक्यात, घरची हापूसची आणि थोडी काजूची बाग आहे, आणि मला नोकरी न करता गावातच आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका टाकायचीय. घरच्यांचा विरोध नाहीये, पण बाबा म्हणतात आधी धंदा शीक, मग धंद्यात पैसा घाल. मला पटतंय ते. फक्त शिकायचं कुठे हे कळत नाहीये, म्हणून हा धागा.

कलमं बांधता येतात. कोय कलम (आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या रोपावरचं), मृदकाष्ठ कलम (कोवळ्या फुटीवरचं), काडी कुठल्या झाडाची आणि किती जून घ्यायची, पावसात बुरशी लागली तर काय करायचं, हे सगळं हाताखालून गेलंय. अभ्यासक्रमात उद्योजकता आणि व्यवसाय व्यवस्थापन पण होतं, प्रकल्प अहवाल लिहिला, ब्रेक इव्हनचं (ना नफा ना तोटा कुठे होतो त्याचं) गणित सोडवलं, मार्कही चांगले पडले. शेवटच्या वर्षी अनुभवाधारित शिक्षणात आमच्या ग्रुपने रोपं तयार करून विकली आणि नफ्यातला वाटाही आम्हाला मिळाला. पण तिथे जागा, पाणी, शेडनेट, मातृवृक्ष (ज्यांच्या काड्या कलमाला घेतात ती झाडं) सगळं कॉलेजचं आणि गिऱ्हाईकही कॉलेजच्या नावावर आलेलं, त्यामुळे तो नफा कितपत खरा ते मला अजून सांगता येत नाही. गावात माझं नाव बघून कोण येणार आहे?

दुसरी गोष्ट घरची. बाबा आंबा वाशीला पाठवतात. फवारण्या, कल्टार (मोहोर यावा म्हणून घालतात ते औषध), राखण, पेट्या यासाठी सीझनच्या आधी दलालाकडून उचल घ्यायची, मग माल त्यालाच द्यायचा, आणि पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशोब) येते त्यातून भाडं, हमाली, उचल वजा होऊन जे उरेल ते आपलं. दलाल वाईट असतात असं मला म्हणायचं नाहीये, अडीनडीला बँकेच्या आधी तेच उभे राहतात. पण इतका चांगला आंबा पिकवणाऱ्या घरात एका पेटीला आपला खर्च किती येतो हे कुणालाच सांगता येत नाही, कारण ते लिहिलेलंच नाही कुठे. आजूबाजूच्या बऱ्याच घरात तेच आहे. रोपवाटिकेत मला पहिल्या दिवसापासून हिशोब हवाय.

आता पर्याय बघतेय ते असे. एक म्हणजे दोन वर्षांचं कृषी व्यवसाय व्यवस्थापन, पुण्याचं वैम्निकॉम, हैदराबादचं मॅनेज, जयपूरचं नियाम वगैरे संस्थांमधलं, पण त्याला प्रवेश परीक्षा, फी, आणि दोन वर्षं गावापासून लांब. दुसरा म्हणजे केंद्र सरकारच्या ॲग्री क्लिनिक योजनेचं ४५ दिवसांचं निवासी ट्रेनिंग, जे फुकट आहे आणि पुढे कर्जाला सबसिडीपण आहे. उद्योजकता विकास केंद्राचे (एमसीईडी) छोटे कोर्स आहेत, तळेगाव दाभाड्याला पॉलिहाऊसचं ट्रेनिंग मिळतं. आणि शेवटचा म्हणजे एखाद्या चालू रोपवाटिकेत वर्षभर पगारावर राबायचं, शक्यतो कलमांपेक्षा काउंटरवर आणि हिशोबाच्या वहीवर.

माझा कल शेवटच्या आणि दुसऱ्या पर्यायाकडे आहे, म्हणजे आधी काम आणि मग ४५ दिवस. पण घरात सगळे म्हणतात डिग्रीवर डिग्री असलेली बरी. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा की तिथे नक्की काय शिकायला मिळालं जे नंतर धंद्यात रोज लागलं. कलमाचा दर कसा ठरवायचा, उधारी कशी हाताळायची, बँकेत गेल्यावर काय विचारतात, हे कुणी शिकवतं का?

प्रतिसाद

ताई, आमची रोपवाटिका लांज्याकडे आहे, म्हणून लिहितोय. तुझा क्रम बरोबर आहे, आधी काम कर. आणि पावसाळ्यात जा, कारण कोय कलमं जून-जुलैत बांधतात आणि विक्रीची गर्दीही तेव्हाच असते, दोन्ही एकत्र बघायला मिळेल.

दराचं सांगतो, इथेच बहुतेक नवीन लोक फसतात. समजा पिशवी, माती, शेणखत, कोय, बांधायची मजुरी, पाणी असा कलमाला ४० रुपये खर्च आला आणि तू १००० बांधलीस. त्यातली विकण्याजोगी ६५० निघाली तर तुझा खर्च ४० नाही, साधारण ६२ रुपये झाला. शेजारचा ७० ला विकतोय म्हणून तू ६५ ला दिलंस तर हातात तीन रुपये, त्यात तुझी स्वतःची मजुरी आणि कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. त्यामुळे मर किती झाली, म्हणजे किती कलमं मेली, ते दर महिन्याला मोजून लिहायचं. आणि आज बांधलेलं कलम बहुतेक पुढच्या पावसाळ्यात विकलं जातं, म्हणजे वर्षभर पैसा पिशवीत अडकलेला. बँकेला प्रकल्प अहवालात हे महिन्यावार दाखव.

लायसन्स पहिलं काढ. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे, परवान्याशिवाय कलमं विकता येत नाहीत. त्याचा थेट गिऱ्हाइकीशी संबंध आहे, कारण राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून लावणारे शेतकरी कलमं विद्यापीठाच्या, शासनाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घेतात. त्यांचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असं येतं, म्हणून काही जण कलमंही उधारीवर मागतात. उधारी कुणाला आणि किती हे आधीच ठरवून ठेव, माणूस समोर उभा असताना नाही म्हणणं फार जड जातं.

आणि तुझं शिक्षण तिथेच वापर. कुणी शंभर हापूस मागितले तर त्याला समजावून सांग की नुसता हापूस लावला तर फळधारणा कमी होते, मधे थोडी केसर, रत्ना या जातींची झाडं लाव. काजूला वेंगुर्ला ४ आणि ७ या जातींमधला फरक सांग. असं सांगणाऱ्याकडे माणूस दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याला घेऊन येतो.

प्रतिसाद

मी ॲग्री बिझनेसमध्ये दोन वर्षांचा कोर्स केलाय, त्याची बाजूही मांडते. तुला फक्त रोपवाटिका चालवायची असेल तर लगेच गरज नाही. पण पुढे मोहाडीच्या सह्याद्रीसारखी शेतकऱ्यांची कंपनी उभी करायची, प्रक्रिया किंवा निर्यातीत उतरायचं असं डोक्यात असेल तर त्या अभ्यासाला पर्याय नाही. खेळतं भांडवल, करार, माल साठवायचा की विकायचा हे आम्ही खऱ्या कंपन्यांच्या आकड्यांवर शिकलो. हे दोन-तीन वर्षं धंदा करून मग शिकायला गेलीस तर जास्त उपयोगी पडेल, माझ्या वर्गात सगळ्यात चांगले प्रश्न तसेच लोक विचारायचे.

ॲग्री क्लिनिकबद्दल एक. महिलांना सबसिडी ४४ टक्के आहे (सर्वसाधारण गटाला ३६), वैयक्तिक प्रकल्पाची मर्यादा २० लाख. पण ती रक्कम हातात येत नाही, बँकेत राहते आणि कर्जाच्या शेवटी वळती होते. हप्ते ठरवताना तो पैसा धरूच नकोस.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, सबसिडी शेवटी वळती होते हे माहीतच नव्हतं, मी तर तो पैसा शेडनेटला धरून चालले होते. मर धरून खर्च काढायचं गणित आज बाबांना दाखवलं, ते म्हणाले आंब्याच्या पेटीचंही असंच काढ, बसलोय दोघं.

परीक्षा झाली की या पावसाळ्यात कामाला जायचं नक्की करतेय. दादा, अजून एक विचारायचं होतं, परवान्यासाठी मातृवृक्ष घरच्या बागेतलेच जुने हापूस दाखवले तर चालतात का, की विद्यापीठातून आणलेल्या कलमांची झाडं लागतात? आमची झाडं आजोबांच्या वेळची आहेत, त्यांची पावती कुणाकडेच नाही. अशा वेळी तपासणीला आलेले अधिकारी काय बघतात?