मदत हवी आहे: पोकलेनची डावी चेन दोन दिवसांत सैल पडते

नमस्कार मंडळी, उलव्याला एका प्लॉटवर आमची 20 टनी पोकलेन चालू आहे. वर भराव, खाली खाडीचा चिखल आणि मधूनमधून काळा दगड.

डावी चेन सारखी सैल होते. परवा बूमने ती बाजू उचलून फ्रेम ते चेन 32 सेंमी झोल ठेवला (चिखलात थोडी सैलच बरी, स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणारं दातेरी चाक) माती भरली की चेन आपोआप ताणली जाते). आज मोजलं तर 38! उजवी मात्र जागच्या जागी.

चेन ताणणाऱ्या सिलिंडरचं ग्रीस भरायचं निपल आणि ग्रीस सोडायचा व्हॉल्व्ह कोरडे आहेत. पण झाकण काढून आत टॉर्च मारला तर सिलिंडरच्या रॉडभोवती ग्रीस जमलेलं दिसलं. म्हणजे सील गेलं असावं, असा माझा कयास.

ऑपरेटर मात्र म्हणतो, आयडलरमागची (चेनचं पुढचं चाक) धक्का झेलणारी स्प्रिंग तुटली. कारण दगडावरून जाताना पूर्वी आयडलर मागे सरकून धक्का गिळायचा, आता केबिनपर्यंत दणका येतो. त्याचा कान सहसा चुकत नाही, म्हणून धास्ती.

स्प्रिंग तुटलीय की नाही हे चेन न खोलता कसं ओळखायचं? नुसतं सील किट टाकून भागेल का? आणि तळोजा-तुर्भे भागात प्रेसवर स्प्रिंग खोलणारा भरवशाचा माणूस आहे का कुणी? ती कित्येक टनांनी दाबलेली असते, साइटवर जुगाड करून खोलायची नाही. व्हॉल्व्हसुद्धा आम्ही तोंड बाजूला ठेवून, एका फेऱ्याच्या आतच फिरवतो.

मशीन उभी आहे, भाडं बुडतंय. लवकर सांगा दादांनो.