मदत हवी आहे: अणुकेंद्र विजेसाठी की बॉम्बसाठी, कसं ओळखायचं?

सायली_बजाजनगर: उद्या दुपारी वादविवाद स्पर्धा आहे आणि माझा मुद्दाच उभा राहत नाहीये. ते सरकार म्हणतं केंद्रं विजेसाठी, बाकीचे म्हणतात बॉम्बसाठी. ठरवायचं कशावरून? लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

वऱ्हाडी_वाघ: देश कोणता ते तर लिहा ताई! उत्तर कोरिया असेल तर वादच नाही. 2003 मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार सोडला, योंगब्यॉनच्या अणुभट्टीत वापरलेल्या इंधनातून बॉम्बला चालणारं प्लुटोनियम काढलं, 2006 मध्ये चाचणी.

सायली_बजाजनगर: इराण हो! आणखी कोणता?

निवृत्त_मास्तर: इराणचं कोणतं केंद्र? सगळी एका माळेत ओवू नका. बुशेहरचं वीजकेंद्र रशियाने पूर्ण केलं, इंधन रशियाचं, वापरलेलं इंधनही परत रशियाला. बॉम्बची शंका तिथे नाही. ती नतांझ आणि फोर्दोची, कारण सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरून युरेनियममधलं यू-235 वाढवणारी यंत्रं, तिथे बसवली. यू-235 म्हणजे युरेनियमचा ऊर्जा देणारा प्रकार, निसर्गातल्या युरेनियममध्ये तो फक्त 0.7 टक्के असतो. वीजभट्टीला 3 ते 5 पुरतं, बॉम्बला साधारण 90 लागतं. इराणशी झालेल्या 2015 च्या अणुकरारात मर्यादा 3.67 होती, 2021 पासून इराण 60 वर गेला.

वऱ्हाडी_वाघ: सर, टक्क्यांतच काहून अडकता? इराणच्याच अराकची जड पाण्याची भट्टी कुठे गेली? तसल्या भट्टीतून प्लुटोनियम मिळतं, त्याचाही बॉम्ब होतो. पोखरणला 1974 मध्ये वापरलेलं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरसमधूनच आलं, आणि ती भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिली होती.

निवृत्त_मास्तर: अराकच्या भट्टीचा गाभा काढून 2016 मध्ये त्यात काँक्रीट ओतलं.

कोराडी_रोड: इराणचं राहू द्या. विदर्भाने वीज द्यायची आणि कोळशाची राखही आपणच खायची, यावर कोणी बोलत नाही. अणुवीज हवीच.

संत्रा_बर्फी: ताई, युरेनियमची आवड असेल तर भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करा. अणुखनिज संचालनालयाचं कार्यालय नागपुरातच आहे.

सायली_बजाजनगर: करिअर नाही विचारलं! समोरचे म्हणतील 60 टक्के औषधी समस्थानिकांसाठी, म्हणजे दवाखान्यात लागणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांसाठी. मग काय बोलू?

निवृत्त_मास्तर: म्हणजे तुमची बाजू बॉम्बची, हे आत्ता कळतंय. तेहरानच्या संशोधन भट्टीत ती समस्थानिकं बनतात आणि तिला 20 टक्क्यांच्या आसपासचंच इंधन लागतं. शिवाय सगळ्यात जास्त मेहनत 0.7 वरून 5 वर नेण्यात जाते. 60 वरून 90 फार लांब नाही. वेळ किती आहे?

सायली_बजाजनगर: चार मिनिटं.

निवृत्त_मास्तर: मग अराक सोडा, फोर्दो धरा. कोमजवळ डोंगराच्या पोटात आहे आणि 2009 मध्ये जगासमोर आलं. विजेचं काम असतं तर लपवलं कशाला, हे विचारा.

वऱ्हाडी_वाघ: अराक सोडू नका ताई! परीक्षक प्लुटोनियमचं विचारतीलच.