मदत हवी आहे : आयर्लंडमधून भारतात गेलेल्या एका ननची नोंद कुठे आणि कशी शोधायची?

लिफीकाठी

नमस्कार मंडळी, मी गेली सहा वर्षं डब्लिनमध्ये नर्स आहे. शेजारी एक आयरिश आजी राहतात, वय ८४, मूळच्या मेयो काउंटीतल्या. मी नवीन आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात याच आजींनी मला सांभाळून घेतलं, नाइट ड्युटीवरून आले की दाराशी सूपचा डबा ठेवलेला असायचा. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आता मागितलंय ते म्हणजे त्यांच्या आत्याचा शोध.

आत्याचं नाव डिलिया, जन्म १९०८च्या आसपास. विशी ओलांडली न ओलांडली तोच कॉन्व्हेंटमध्ये गेली आणि तिथून भारतात, परत कधीच आली नाही. भावाला पत्रं यायची म्हणे, पण गावचं घर विकलं तेव्हा ती सगळी गेली. उरलाय फक्त एक फोटो, पोस्टकार्डाएवढा, एका कोपऱ्यात पाणी लागून फुगलेला, मागे पेन्सिलीने 'दार्जिलिंग, १९३०' आणि खाली 'तुमची डी.' बस्स, संस्थेचं नाव नाही काही नाही.

मी अंदाजाने नन्सच्या एका संस्थेच्या आर्काइव्हला (जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाला) मेल केला, तर तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की या नावाची सिस्टर आमच्या रजिस्टरमध्ये नाही. कामावरच्या एकाने तर सांगितलं की आयर्लंडचे सगळे कागद १९२२ला जळाले, नाद सोड. पण मला सोडायचा नाहीये हो. आजींना एवढंच कळायला हवंय की ती कुठे राहिली, काय काम केलं आणि तिला कुठे पुरलंय. सुरुवात कुठून करू? कुणी असलं काम केलंय का?

जुनेकागद

मी व्यवसायाने आर्काइव्हमध्येच आहे (आयर्लंडमध्ये नाही, पण तिथल्या नोंदींशी बराच संबंध आलाय). आधी ते १९२२चं. जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस यादवी युद्धात उद्ध्वस्त झालं आणि त्यात १८२१ ते १८५१च्या जनगणना जवळपास सगळ्या गेल्या, ते खरंच. पण सरकारी जन्म-मृत्यू नोंदी तिथे नव्हत्या, कॅथलिक चर्चची रजिस्टरं आपापल्या पॅरिशमध्ये (चर्चच्या स्थानिक विभागात) होती आणि कॉन्व्हेंटची कागदपत्रं कॉन्व्हेंटमध्ये. तुमच्या कामाचं फारसं काही जळलेलं नाही.

दुसरं, धर्मसंस्थांची आर्काइव्ह खाजगी असतात. तिथला १९८६चा नॅशनल आर्काइव्ह्ज कायदा सरकारी खात्यांना लागू आहे, यांना नाही, म्हणजे दाखवायचं की नाही आणि कधी, हे ती संस्था ठरवते. बऱ्याच ठिकाणी एकच आर्काइव्हिस्ट असतो, कॉन्व्हेंट बंद होत गेले तशा तिथल्या वह्या-फाइली खोकी भरभरून मुख्य घरी आल्या आणि त्यांच्या याद्या करायचं काम वर्षानुवर्षं चालू असतं. त्यामुळे दोन ओळींच्या उत्तरावर खट्टू होऊ नका. तुम्ही विचारलं ते नाव चुकीचं असण्याचीच शक्यता जास्त आहे.

डिलिया हे आयर्लंडमध्ये ब्रिजेटचं घरगुती रूप! बाप्तिस्म्याच्या नोंदीत, जनगणनेत, पासपोर्टवर ब्रिजेट असणार. आधी १९११ची जनगणना बघा, आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट आहे, कुटुंबप्रमुखाने भरलेल्या मूळ फॉर्मच्या स्कॅनसकट. सरकारी जन्मनोंद हवी तर १०० वर्षांपूर्वीच्या सगळ्या ऑनलाइन आहेत, त्याही फुकट. नॅशनल लायब्ररीच्या पॅरिश रजिस्टरच्या स्कॅनमध्ये मात्र वेळ घालवू नका, ती साधारण १८८०पर्यंतच आहेत, १९०८चा बाप्तिस्मा त्यात मिळायचा नाही.

वसईची_लेक

ताई, वाचून राहवलं नाही. आमच्याकडे घराघरात एक तरी धर्मभगिनी असते, माझी सख्खी मावशीच सिस्टर आहे. जुन्या काळी दीक्षेच्या वेळी नाव बदलायचंच, घरची ब्रिजेट तिथे सिस्टर मेरी अमुक व्हायची, आणि संस्थेत पुढे सगळे कागद त्याच नावाने. चर्चच्या रीतीभाती बदलणारी दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ला संपली, त्यानंतर बऱ्याच जणींनी मूळ नाव परत घेतलं, म्हणजे एकाच बाईची कागदोपत्री दोन-तीन नावं निघतात. म्हणून मेलमध्ये नावापेक्षा आईवडिलांची नावं, पॅरिश आणि प्रवेशाचं अंदाजे साल द्या. प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये ते लिहिलेलं असतं, वेश कधी घेतला, व्रतं कधी घेतली हेही असतं.

आणि फोटो नीट बघा, डोक्यावरचं वस्त्र पांढरं आहे का काळं? व्रतं घेतलेल्या सिस्टरचं काळं आणि नोव्हिसचं (व्रतं घेण्याआधी तयारी करणाऱ्या मुलीचं) पांढरं, अशी साधारण रीत होती. हे आधी सांगा.

लिफीकाठी

आत्ता आजींकडे जाऊन खिडकीशी नेऊन बघितला. झगा काळा, डोक्यावरचं पांढरं! मी आजवर शंभरदा तो फोटो हातात घेतला असेल पण हे लक्षातच आलं नव्हतं.

जुनेकागद

मग तर चित्र बरंच स्पष्ट झालं. १९३०, दार्जिलिंग आणि नोव्हिस, हे तिन्ही एकत्र आलं की सगळ्यात आधी आठवते ती लोरेटो ही नन्सची संस्था. या सिस्टर्स १८४१मध्ये डब्लिनच्या रॅथफार्नहॅमहून निघून कलकत्त्यात आल्या आणि १८४६ला दार्जिलिंगला कॉन्व्हेंट काढला. त्यांचं नोव्हिशिएट (नोव्हिसना तयार करायचं घर) दार्जिलिंगलाच होतं. मदर तेरेसा आधी लोरेटोतच होत्या, त्या १९२८च्या शेवटी रॅथफार्नहॅमला जेमतेम सहा आठवडे राहिल्या, जानेवारी १९२९मध्ये भारतात पोचल्या आणि नोव्हिस म्हणून दार्जिलिंगलाच राहिल्या, मे १९३१मध्ये त्यांची पहिली व्रतं झाली. आजींची आत्या जर लोरेटोत असेल तर त्या दोघी एकाच छताखाली असणंही शक्य आहे, पण कागद हातात येईपर्यंत आजींना हे सांगू नका.

खात्री मात्र धरू नका. आयरिश मुली बाकी संस्थांमधूनही भारतात जायच्या. प्रेझेंटेशन सिस्टर्स, नॅनो नेगल यांनी १७७५ला कॉर्कमध्ये सुरू केलेल्या, १८४२पासून मद्रासला होत्या. क्लूनीच्या सिस्टर्स मूळच्या फ्रान्सच्या, पण डब्लिनजवळ माउंट सॅकव्हिलला त्यांचं मोठं घर आणि दार्जिलिंगपासून जवळ कालिम्पाँगला शाळा, म्हणजे तिथली सिस्टरही दार्जिलिंगला फोटो काढू शकते. पहिला मेल लोरेटोच्या आर्काइव्हला करा, ते डब्लिनमध्येच सेंट स्टीफन्स ग्रीनला आहे, तुम्हाला ट्रामने जाता येईल, पण आधी वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका.

मागताना 'सगळी माहिती द्या' म्हणू नका. प्रवेश-रजिस्टरमधली नोंद, ज्या घरांमध्ये ती राहिली तिथल्या अ‍ॅनल्समधला (घराच्या वर्षवार वृत्तान्तातला) उल्लेख आणि मृत्यूनंतर लिहिलेली छोटी चरित्रनोंद, या तीनच गोष्टी मागा. ही मृत्यूनोंद फार मोलाची असते, बाई काय शिकवायची, स्वभाव कसा होता, शेवटचं आजारपण, असं सगळं सोबतिणींनी लिहिलेलं असतं. सोबत आजींच्या सहीचं पत्र जोडा, सख्खी भाची विचारतेय म्हटलं की उत्तर वेगळं येतं.

पावसाळी_कॉर्क

जहाजाच्या याद्या विसरू नका! ब्रिटिश बंदरांतून युरोपबाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या १८९० ते १९६०च्या याद्या लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि पैसे भरून ऑनलाइन दिसतात. तिथे घरचं नाव असेल, धंद्याच्या रकान्यात बहुतेक नन, आणि शेजारच्या ओळीत तिच्यासारख्याच दोन-चार मुली. तिथला पत्ता एखाद्या कॉन्व्हेंटचा निघाला तर संस्थाच कळली.

एक विचारू का, राग मानू नका, ती नक्की स्वतःहून गेली होती ना? इथे लॉन्ड्रीमध्ये (नन्सचे धुलाईखाने, जिथे मुलींना राबवून घेत) किंवा मदर अँड बेबी होममध्ये (अविवाहित मातांना ठेवायचे तिथे) पाठवलेल्या मुलींबद्दलही घरचे लोक 'नन झाली' म्हणायचे असं मी ऐकलंय. तसं असेल तर रस्ता वेगळा, मुलाचा जन्म किंवा दत्तकाचा प्रश्न असेल तर २०२२च्या कायद्याखाली टुस्ला (मुलं आणि कुटुंबांसाठीची सरकारी संस्था) किंवा अ‍ॅडॉप्शन ऑथॉरिटीकडे अर्ज करावा लागतो.

लिफीकाठी

राग कसला, हाच प्रश्न आजींच्या मुलीनेही विचारला होता. इथे या विषयावर लोक फार दुखावलेले आहेत आणि ते बरोबरच आहे, आजी स्वतः २०१३चा लॉन्ड्रीचा अहवाल आल्यापासून कित्येक महिने चर्चला गेल्या नव्हत्या. पण डिलिया भारतात गेली हे फोटोवरून दिसतंच, आणि स्टेशनवर तिला सोडायला वडील गेले होते ही गोष्ट आजींनी लहानपणापासून ऐकलेली आहे.

आता अपडेट देते. १९११चा फॉर्म सापडला!! काल संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसलो आम्ही दोघी. ब्रिजेट, मुलगी, वय ३, अगदी शेवटच्या ओळीत. आजोबांचं अक्षर आजींनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्या फॉर्मवर लग्न झालेल्या बाईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत असे दोन रकाने असतात, तिथे ९ आणि ७ लिहिलंय. आजींना त्या दोघांबद्दल काहीच माहीत नव्हतं. बराच वेळ स्क्रीनवर बोट ठेवून बसल्या होत्या, मी चहा करून आणला तो तसाच गार झाला.

आज पत्र लिहिलं, त्यांच्या हाताला कंप आहे म्हणून मी टाइप केलं आणि सही त्यांनी केली. जुनेकागद म्हणाले तशा तीनच गोष्टी मागितल्यात, आईवडिलांची नावं, पॅरिश, साल आणि फोटोच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन जोडलेत. जहाजाची यादी शनिवारी सुट्टीत बघते.

अजून एक मागणं आहे. कोलकाता किंवा दार्जिलिंगकडचं कुणी मराठी माणूस इथे आहे का? सिस्टर्सना जिथे पुरतात त्या जागेचे, परवानगी घेऊन, दगडांवरची नावं वाचता येतील असे फोटो काढून मिळाले तर हवेत. दीक्षेचं नाव कळलं की लगेच इथे लिहिते.