जामीन झाला म्हणजे आरोपी ‘मोकाट’ सुटला का?

तापीकाठ (जळगाव) :
‘आरोपी जामिनावर मोकाट’ असा मथळा आपल्याकडे नित्याचा झाला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्याला ही सवलत नाही. एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असलेल्यालाही नाही. 2022 च्या अखेरीस देशातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतील तिघांचा दोष सिद्ध व्हायचाच होता. त्यांना ‘मोकाट’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

निवृत्त हवालदार (चोपडा) :
आपण तुरुंगाचे आकडे दिलेत, शेतातली स्थिती सांगितली नाहीत. केळीच्या बागेतील मोटारीची केबल रात्रीतून कापतात, जाळून आतले तांबे काढतात आणि भंगारात किलोवर विकतात. तांबे थोड्या पैशांचे असते, पण मे महिन्यात चार दिवस पाणी तुटले की बागेचे किती नुकसान होते, हे शेतकऱ्यालाच विचारा. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे शिक्षा असल्याने बहुधा अटक न करता नोटीस देऊनच भागवावे लागते. तोच इसम आठवडे बाजारात समोर उभा दिसल्यावर फिर्यादी साक्षीला कशाला येईल? लोकांचा पोलिसांवरचा विश्वास उडतो तो इथे.

वकील (नंदुरबार) :
हवालदारसाहेबांचा त्रागा खरा आहे, पण रोख चुकला आहे. सराईतांसाठी हद्दपारी आहे, अटी मोडल्यास जामीन रद्द करून घेता येतो. आणि साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही म्हणून जो सुटतो, त्याला न्यायाधीशांनी नव्हे, तपासाच्या दिरंगाईने सोडलेले असते.

माझ्यासमोर रोज येते ती अडचण उलटी आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडील मजुराला जामीन मंजूर होतो, पण जामीनदार आणायचा कुठून? सातबारा आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, जमीन असली तर ती वनपट्ट्याची. मग तहसीलचा ऐपतीचा दाखला कशाच्या आधारावर मिळणार? गरिबाकडे ऐपतीबाहेरचा जामीन मागू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणात 1978 मध्येच म्हटले होते. जामीन मंजूर होऊन महिनाभरात बंधपत्र देता आले नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे त्याच न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश आहेत. निव्वळ जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना आरोपीच्या स्वतःच्या बंधपत्रावर, सोडण्यास अनेक ठिकाणी अजूनही हात आखडतो. याची बातमी मी कधी वाचलेली नाही.

तालुका वार्ताहर (शिरपूर) :
वाचणार कशी? पोलिसांची प्रेस नोट छायाचित्रासह रोज मोबाईलवर येते. निर्दोष सुटकेची नोट कोणीच पाठवत नाही. ‘मोकाट’ हा शब्द मीही टाळावा, हे मान्य. मात्र बातमी छापून आल्याखेरीज गुन्हाच नोंदवला गेला नाही, अशा तक्रारी माझ्या पाहण्यात आहेत. बातमीदारीवर सरसकट ठपका ठेवू नये.

तापीकाठ :
ठपका आहे तो निवाड्याआधीच्या निवाड्यावर. आरोपींची भर रस्त्यात धिंड काढायची आणि त्याच्या चित्रफिती सर्वत्र फिरवायच्या, याला टाळ्या पडतात. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. ते कृत्य वृत्तपत्रांमुळे घडले नव्हते, मोबाईलवरच्या अफवांमुळे घडले; पण संशयित म्हणजेच गुन्हेगार ही सवय दोन्हीकडे सारखीच आहे.

वकील (नंदुरबार) :
शिवाय चेहरा छापला गेल्यावर ओळखपरेडीला अर्थ राहत नाही. साक्षीदाराने छायाचित्र आधीच पाहिले होते, एवढा एक मुद्दा उलटतपासणीत मला पुरतो. धिंडीचा लाभ अखेर आरोपीलाच होतो.

निवृत्त हवालदार (चोपडा) :
ओळखपरेडीचे पटले, म्हणूनच आम्ही बुरखा घालून आरोपी नेत असू. हद्दपारीचे पटले नाही. प्रस्ताव, चौकशी, सुनावणी, अपील यांत महिने जातात आणि हद्दपार इसम शेजारच्या जिल्ह्यात राहून रात्री परत येतो. ‘दर सोमवारी ठाण्यात हजेरी’ ही अट न्यायालय घालते, पण बंदोबस्त, समन्स आणि तपास सांभाळून त्या वहीवर लक्ष कोण ठेवणार? जामीन सैल करायचा असेल तर आधी ठाण्यात माणसे द्या, मग मजुराच्या जातमुचलक्याला माझी हरकत नाही.