मदत हवी आहे: हाइव्ह माइंड डेक लाल रंगवाल्यापुढे अडतोय

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातला माझा कमांडर (अनेक जणांत खेळायच्या प्रकारातला) डेक, निळा-काळा-लाल. टेबलावर हाइव्ह माइंड (कोणीही इन्स्टंट किंवा सॉर्सरी, म्हणजे एकदा वापरून संपणारा मंत्र, टाकला की बाकीच्यांना त्याची कॉपी देणारं कार्ड) असताना पॅक्ट ऑफ द टायटन (जायंट देणारा लाल इन्स्टंट) फुकटात टाकला की सगळ्यांना त्याची कॉपी मिळते. आपापल्या पुढच्या अपकीपला (पाळीच्या सुरुवातीला) पाच मॅना (लँड कार्डांतून मिळणारी ऊर्जा) भरा (त्यात एक लाल), नाहीतर बाद! माझा अपकीप सगळ्यात शेवटी, तोवर टेबल साफ. पण लाल डेकवाला आरामात मॅना भरतो, वर 4/4 (ताकद 4, टिकाव 4) जायंट फुकट.

स्लॉटर पॅक्ट (जायंट मारणारा, पण तसाच पुढच्या अपकीपला मॅना मागणारा काळा इन्स्टंट) जोडून पाहिला. कॉपी आधी सुटतात, पहिलीनेच जायंट मेला की बाकीच्या वाया, म्हणजे त्यांचा मॅना भरावाच लागत नाही. मॅना शॉर्ट (एका खेळाडूची सगळी लँड्स अडवणारा निळा इन्स्टंट) टाकावा तर त्याचीही कॉपी सगळ्यांच्या हाती.

आमच्याकडे प्रॉक्सी (खऱ्या कार्डाऐवजी छापलेली नक्कल) चालत नाहीत, बजेट दोनेक हजार. समोरच्याची लँड्स त्याच्याच अपकीपला अडवून धरेल असं, इन्स्टंट-सॉर्सरी नसलेलं कार्ड या तीन रंगांत कोणतं घालू?