पाथला काय म्हणावं: पत्ता की वाट?

टिळकवाडी, बेळगाव: उद्यमबागेतल्या कारखान्यांना स्टोअरचा हिशेब ठेवणारी छोटी सॉफ्टवेअरं लिहून देतो. हाताखाली खानापूर तालुक्यातली दोन मुलं आहेत, मराठी शाळेत शिकलेली. कोड जमतो, पण ‘ॲब्सोल्यूट पाथ’ (फाइलचा मुळापासूनचा पूर्ण ठावठिकाणा) आणि ‘रिलेटिव्ह पाथ’ (आत्ताच्या फोल्डरापासून सांगितलेला ठावठिकाणा) म्हटलं की गडबडतात. व्याख्या पाठ, हात मात्र चुकतो. छापील मराठीत ‘मार्ग’ दिसतो. पण मार्ग म्हणजे महामार्ग, नाहीतर भक्तिमार्ग. फोल्डरातली फाइल शोधायला कोण मार्गाला लागतं? तोंडातला शब्द सांगा.

निपाणीकर: पत्ता म्हणा की. फाइल राहते कुठं, तो तिचा पत्ता.

शहापूरहून: अर्धंच जमतंय. आपला पत्ता आतून बाहेर येतो: अमुक गल्ली, मु. पो. येळ्ळूर, ता. जि. बेळगाव. पाथ उलटा, आधी ड्राइव्ह, मग फोल्डर, त्याच्या पोटातला फोल्डर, शेवटी फाइल. तरी ॲब्सोल्यूटला पत्ता चालेल, कारण कुठनंही निघा, त्याच दारात पोचता.

रिलेटिव्ह म्हणजे मात्र वाट. ‘मारुतीच्या देवळामागनं तिसरं घर’ हे देवळापाशी उभ्या असलेल्याला सांगायचं. भलत्या गल्लीतून तीच वाट धरली तर दुसऱ्याच्याच घरात शिराल. पाथमधली दोन टिंबं म्हणजे ‘एक गल्ली मागं या’. ‘वाट’ म्हटलं की प्रोग्राम आत्ता कुठल्या फोल्डरात उभा आहे, हा प्रश्न आपोआप सुचतो. ‘सापेक्ष मार्ग’ म्हणून तो सुचत नाही.

टिळकवाडी: परवा हेच झालं! मुलानं लिहिलेला प्रोग्राम हातानं चालवला की फाइल सापडायची, रात्री शेड्यूलरनं (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) चालवला की सापडायची नाही. शेड्यूलर दुसऱ्याच फोल्डरातून निघत होता. त्याला म्हटलं, ‘‘वाट बरोबर आहे रे, निघालास कुठनं?’’ लगेच कळलं.

पत्त्याचंही दुखणं आहे म्हणा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी इंग्रजी नाव बेलगामचं बेळगावी झालं. एका गिऱ्हाइकाकडं कुणीतरी हौसेनं सर्व्हरवरच्या फोल्डरचं नावही बदललं, आणि कोडमध्ये ठोकून बसवलेले माझे सगळे पत्ते एका दिवसात मेले. मराठीत बेळगावच लिहितो म्हणून मी निश्चिंत होतो!

खानापूरकर: एक्स्टेन्शनला, म्हणजे फाइलच्या नावातल्या टिंबापासूनच्या शेपटाला, आमची पोरं ‘आडनाव’ म्हणतात. मला ‘प्रत्यय’ जास्त पटतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पाथलिबमध्ये, म्हणजे पाथ हाताळायच्या तयार कोडमध्ये (भाषेच्या ३.४ आवृत्तीपासून, २०१४) त्याला सफिक्सच म्हणतात. ‘यादी.टार.जीझेड’चा सफिक्स विचारला तर फक्त ‘.जीझेड’ हाती येतं. ‘येळ्ळूरकरांच्या’ यातला ‘च्या’ तेवढा सोलून द्यावा तसं. सगळे हवे असतील तर सफिक्सेस असं अनेकवचन मागायचं.

चिकोडीहून: नावांचा विषय निघालाय म्हणून. ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची फाइल डोळ्यांसमोर, आणि प्रोग्राम म्हणतो अशी फाइलच नाही. अर्धा दिवस गेला. एकानं ‘ऱ’ आणि हलन्त वापरलेलं, दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. युटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची रीत) ‘शेतकऱ्यांची’ पहिल्या रीतीनं ३३ बाइट, दुसऱ्या रीतीनं ३६. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करूनही या दोन जुळत नाहीत. त्यात लिनक्सवर एका नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा, आणि आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे तीन-तीन बाइट खातात. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. मी आता फाइलला रोमन अक्षरांत साधं नाव देतो, मराठी नाव डेटाबेसात ठेवतो. मराठीचा अभिमान आहे, पण तो पडद्यावर दाखवावा.

निपाणीकर: आणि फाइलला? कन्नडात कडत म्हणतात. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळसा लावून केलेली घडीची वही म्हणजे कडत. आपल्याकडं पेशवे दप्तराचे रुमाल. फोल्डरला दप्तर, फाइलला रुमाल म्हणू या का?

शहापूरहून: नको हो. रुमाल उघडा म्हटलं तर पोरं खिशात हात घालतील. फाइल मराठीच झाली आता.

टिळकवाडी: फळ्यावर ‘पत्ता’ आणि ‘वाट’ लिहून टाकलंय. पाथचे दोन तुकडे जोडणाऱ्या ‘जॉइन’ला सांधणं म्हणणार होतो, पण एक अडतंय. दुसरा तुकडा तिरक्या रेघेनं सुरू झाला की पायथन पहिला तुकडा सरळ टाकून देतो. हे कसलं सांधणं?

शहापूरहून: रेघेनं सुरू झाला म्हणजे तुम्ही वाटेचा तुकडा दिलाच नाहीत, अख्खा पत्ता दिलात. पत्ता हातात आल्यावर मागच्या वाटेचं तो काय करणार?